हॅरून, रे
(१२ जानेवारी १८७९ – १९ जानेवारी १९६८). अमेरिकन मोटारशर्यतपटू व अभियंता. जन्म पेनसिल्व्हेनिया राज्यातील स्पार्टन्सबर्ग येथे. इंडियानापोलिसच्या मार्मन मोटार कारखान्यात तो अभियंता होता. १९१० च्या हंगामानंतर त्याने शर्यतींतून निवृत्ती घेतली. मात्र पुढच्याच वर्षी पहिल्या ‘इंडियानापोलिस ५००’साठी तो परतला.

३० मे १९११ रोजी चाळीस गाड्या धावपट्टीवर उतरल्या. इतरांच्या शेजारी मागचे वाहन पाहून सांगणारा मेकॅनिक बसे. हॅरूनची पिवळी, निमुळत्या शेपटीची ‘मार्मन वास्प’ मात्र एकआसनी. प्रतिस्पर्ध्यांनी हरकत घेताच त्याने चालकासमोर आरसा बसवला. विटांच्या धावपट्टीवर तो इतका थरथरे की त्यात काहीच दिसत नसे, हे पुढे त्यानेच कबूल केले. मधला काही वेळ सायरस पाश्के या बदली चालकाने गाडी हाकली. ५०० मैलांचे अंतर ६ तास ४२ मिनिटांत, ताशी सरासरी ७४.६ मैल वेगाने कापून हॅरून विजयी ठरला. प्रतिस्पर्धी चालक राल्फ मलफर्डच खरा विजेता, हा वाद त्यानंतरही धुमसत राहिला.

या विजयानंतर तो पुन्हा शर्यतीत उतरला नाही. त्याने स्वतःच्या नावाने काढलेली मोटार कंपनी अल्पायुषी ठरली. अँडरसन (इंडियाना) येथे त्याचे निधन झाले. ‘वास्प’ इंडियानापोलिस धावपट्टीच्या संग्रहालयात जतन केलेली आहे.