ब्रिटनमधील समूहदावा आणि ‘सुयोग्य’ या पदाचा अर्थ

स्पर्धाभंगामुळे होणाऱ्या हानीचे एक वैशिष्ट्य असे की, ती एकत्र घेतली असता प्रचंड असते. परंतु ज्या असंख्य ग्राहकांत ती विभागली जाते, त्यांपैकी एकालाही तिच्यासाठी न्यायालयाची पायरी चढणे परवडत नाही. अशा हानीची भरपाई मागावी कशी, या प्रश्नाचा ब्रिटनमधील इतिहास उद्बोधक आहे.

१९९८ च्या स्पर्धा अधिनियमात २००२ च्या अधिनियमाने ४७-ब हे कलम घातले. त्यानुसार शासनाने निर्दिष्ट केलेल्या संस्थेस ग्राहकांच्या वतीने दावा करता येई; मात्र प्रत्येक ग्राहकाची संमती आवश्यक होती. फुटबॉल संघांच्या सदऱ्यांच्या किमती संगनमताने ठरविल्याबद्दल कन्झ्यूमर्स असोसिएशनने २००७ मध्ये जेजेबी स्पोर्ट्स या विक्रेत्यावर दावा केला, तेव्हा त्यात सुमारे १३० ग्राहकच सामील झाले. त्या तरतुदीखाली दुसरा दावा झालाच नाही.

२०१५ च्या ग्राहकहक्क अधिनियमाने हा क्रम उलटा केला. जो बाहेर राहू इच्छितो त्याने तसे कळवावे. इतर सर्व दाव्यात समाविष्ट समजले जावेत, अशी सोय झाली. या व्यापक अधिकारास आवर म्हणून स्पर्धा न्यायाधिकरणाची पूर्वपरवानगी अनिवार्य ठरली. प्रतिनिधीची नेमणूक न्याय्य असावी, वर्ग ओळखता यावा, दाव्यांतील प्रश्न समान, सदृश किंवा परस्परसंबद्ध असावेत आणि दावे समूहकार्यवाहीस ‘सुयोग्य’ असावेत, या तिच्या अटी होत. खरा वाद माजला तो या अखेरच्या पदावरून.

२०१६ मध्ये वॉल्टर मेरिक्स यांनी मास्टरकार्डविरुद्ध सुमारे १४०० कोटी पौंडांचा दावा दाखल केला. व्यापाऱ्यांवर पडलेल्या कार्डशुल्काचा भार किमतींतून ग्राहकांवर आला, असे त्यांचे प्रतिपादन होते. म्हणून ज्यांनी कधीही कार्ड वापरले नाही तेही वादी ठरले. वर्गाची संख्या ४ कोटी ६२ लाख होती. नुकसानीच्या मोजणीस पुरेशी सामग्री नाही व वाटपाचा वैयक्तिक हानीशी मेळ नाही, या कारणांनी न्यायाधिकरणाने २०१७ मध्ये परवानगी नाकारली. अपील न्यायालयाने २०१९ मध्ये तो निर्णय रद्द केला.

डिसेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अपील न्यायालयाचा निर्णय कायम ठेवला. लॉर्ड ब्रिग्ज यांच्या मते ‘सुयोग्य’ हे पद सापेक्ष आहे: स्वतंत्र दाव्यांच्या तुलनेत समूहदावा अधिक योग्य आहे काय, एवढेच पाहावयाचे. मोजणी कठीण म्हणून एकट्या वादीस न्यायालय परत पाठवीत नाही. मग समूहास का पाठवावे? लॉर्ड सेल्स व लॉर्ड लेगॅट यांना मात्र या अर्थाने पूर्वपरवानगीचे संरक्षण दुबळे होईल, असे वाटले.

२०२१ मध्ये परवानगी मिळाली. २०२५ मध्ये न्यायाधिकरणाने मान्य केलेली तडजोड मात्र २० कोटी पौंडांची होती. तात्पर्य, त्या पदाच्या अर्थाने कोट्यवधींना न्यायालयाचे दार उघडले. आत किती मिळेल, हे ठरविणे त्या अर्थाच्या हाती नव्हते.