राष्ट्रीय वीज ग्रीड : पन्नास हर्ट्झचा समतोल

३० जुलै २०१२ रोजी पहाटे अडीचच्या सुमारास उत्तर भारताचा वीजपुरवठा कोलमडला. दुसऱ्या दिवशी दुपारी उत्तर, पूर्व व ईशान्य ही तिन्ही क्षेत्रे एकाच वेळी ठप्प झाली. सुमारे ६० कोटी लोकांच्या प्रदेशात रेल्वेगाड्या रुळांवर खोळंबल्या. दोन्ही दिवशी बिघाडाची सुरुवात बीना-ग्वाल्हेर या ४०० किलोव्होल्टच्या वाहिनीपासून झाली. एका वाहिनीमुळे निम्मा देश विजेविना राहू शकतो, तो का, हे कळण्यासाठी ग्रीडची रचना समजून घ्यावी लागते.

केंद्रापासून घरापर्यंत

वीजनिर्मिती केंद्रातील जनित्रातून साधारणपणे ११ ते २५ किलोव्होल्ट दाबाची वीज बाहेर पडते. ती याच दाबाने दूरवर नेली, तर तारांमध्ये उष्णतेच्या रूपाने मोठी गळती होते. ही गळती प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. दाब दहापट वाढविला की तेवढीच वीज वाहून नेण्यास प्रवाह एकदशांश पुरतो आणि त्याच तारांतील गळती शतांशावर येते. म्हणून केंद्राजवळच रोहित्राच्या साह्याने दाब २२०, ४०० किंवा ७६५ किलोव्होल्टपर्यंत चढविला जातो. मनोऱ्यांवरून होणारा हा प्रवास म्हणजे पारेषण. शहराजवळच्या उपकेंद्रांत दाब टप्प्याटप्प्याने ३३ व ११ किलोव्होल्टपर्यंत उतरविला जातो आणि गल्लीतील रोहित्रातून घरोघरी २३० व्होल्टची वीज पोहोचते. हा शेवटचा टप्पा म्हणजे वितरण. महाराष्ट्रात राज्य वीज मंडळाचे २००५मध्ये विभाजन झाले, तेव्हा महानिर्मिती, महापारेषण व महावितरण या कंपन्या याच तीन टप्प्यांनुसार अस्तित्वात आल्या.

फार लांबच्या अंतरासाठी प्रत्यावर्ती प्रवाहाऐवजी एकदिश प्रवाह वापरणे किफायतशीर ठरते. चंद्रपूरहून मुंबईजवळच्या पडघ्यापर्यंत येणारी ५०० किलोव्होल्टची वाहिनी या प्रकारची आहे. ७५० किलोमीटर लांबीच्या या वाहिनीची क्षमता १५०० मेगावॅट आहे.

पाच क्षेत्रे, एक ग्रीड

प्रारंभी देशात उत्तर, पूर्व, पश्चिम, ईशान्य व दक्षिण असे पाच स्वतंत्र ग्रीड होते. १९९१मध्ये पूर्व व ईशान्य, २००३मध्ये पश्चिम आणि २००६मध्ये उत्तर क्षेत्र एकमेकांना जोडले गेले. ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर-सोलापूर ही ७६५ किलोव्होल्टची वाहिनी कार्यान्वित झाली आणि दक्षिण क्षेत्रही त्यात सामील झाले. तेव्हापासून संपूर्ण देश एकाच वारंवारतेवर चालतो. एका भागातील शिल्लक वीज दुसऱ्या भागातील टंचाईच्या वेळी उपयोगी पडते, हा त्याचा लाभ.

समतोलाचे गणित

ग्रीडमधील वाहिन्यांत वीज साठत नाही. धरणातील पाणी वर चढवून ठेवणारे प्रकल्प आणि बॅटऱ्या यांचा आधार असला, तरी प्रत्येक क्षणी निर्मिती आणि मागणी यांचा मेळ बसावाच लागतो. त्याचे मोजमाप म्हणजे वारंवारता. भारतात ती ५० हर्ट्झ असते. मागणी वाढली की जनित्रांवर ताण येऊन ती मंदावतात व वारंवारता घसरते; मागणी घटली की ती वाढते. ती ४९.९० ते ५०.०५ हर्ट्झच्या पट्ट्यात ठेवण्यासाठी राज्य, क्षेत्रीय व राष्ट्रीय भार प्रेषण केंद्रे अहोरात्र काम करतात. वारंवारता धोकादायक पातळीपर्यंत खाली आल्यास काही भागांचा पुरवठा स्वयंचलित यंत्रणा तोडते. काही भागांवर अंधार आला, तरी संपूर्ण ग्रीड वाचावा, हा त्यामागील विचार असतो.

५ एप्रिल २०२० रोजी रात्री नऊ वाजता नऊ मिनिटे दिवे मालवण्याचे आवाहन करण्यात आले, तेव्हा देशाची मागणी ३१ हजार मेगावॅटहून अधिक घटली. जलविद्युत केंद्रांची निर्मिती झपाट्याने कमी करून नंतर पुन्हा वाढविण्यात आली आणि ग्रीड सुरक्षित राहिला. कोळशावरील केंद्रांना इतक्या वेगाने चढ-उतार करणे जमत नाही.

साखळी कशी तुटते?

वीज करारानुसार नव्हे, तर तारांच्या अवरोधानुसार मार्ग निवडते. एक वाहिनी बंद पडली की तिचा भार शेजारच्या वाहिन्यांवर जातो. त्याही क्षमतेच्या काठावर असतील, तर त्यांची संरक्षक यंत्रणा त्यांना बंद करते आणि साखळी सुरू होते. २०१२मध्ये उत्तरेकडील राज्ये ठरल्यापेक्षा अधिक वीज घेत होती, पश्चिमेकडून तिकडे मोठा प्रवाह वाहत होता आणि काही वाहिन्या आधीच बंद होत्या.

मुंबईनेही हा अनुभव घेतला. १२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी शहराला वीज आणणाऱ्या ४०० किलोव्होल्टच्या वाहिन्या एकापाठोपाठ बंद पडल्या आणि लोकलगाड्या जागच्या जागी थांबल्या. बाहेरचा ग्रीड कोसळल्यास मुंबईला बेटाप्रमाणे अलग करून वाचविण्याची व्यवस्था अनेक वर्षांपासून आहे. परंतु शहरातील निर्मिती मागणीच्या मानाने अपुरी ठरल्याने ती त्या दिवशी टिकू शकली नाही.

सौरऊर्जेचा वाटा वाढत असताना हे गणित अधिक अवघड होत आहे. सूर्य मावळताच निर्मिती घटते आणि नेमकी त्याच वेळी घरोघरी दिवे लागतात. नव्या प्रकल्पांइतकेच वाहिन्यांची राखीव क्षमता आणि वीजसाठवणुकीलाही महत्त्व द्यावे लागेल, ते यासाठीच.