चितारआळीतला ताज

ताज घडवणाऱ्यांच्या गोष्टी आम्ही पुष्कळ ऐकल्या. सावंतवाडीच्या चितारी कलावंतांचा ताज मात्र कुणाच्या डोक्यावर चढला नाही; तो गंजिफाच्या गोल पानांवरच राहिला. मोगल पद्धतीच्या गंजिफेत आठ रंग, ९६ पाने. त्यांतला एक रंग ‘ताज’. एक्क्यापासून दश्शीपर्यंत पानागणिक एकेक ताज वाढत जातो, म्हणजे एका जोडात ५५ ताज, तेही तळहातावर मावणाऱ्या वर्तुळांत! चिंचोक्याच्या खळीने कापडाचे थर चिकटवायचे, रंगवायचे, वर लाख चढवायची.

१५२७ साली बाबराने सिंधच्या शाह हसनला गंजिफा पाठवल्याची नोंद ‘बाबरनामा’त आहे. सावंतवाडीत याच खेळावर दशावतारही उतरले: दहा रंग, १२० पाने. ताज, शमशेर, गुलाम हे आपले शब्द आणि मत्स्य-कूर्म एकाच कुंचल्याखाली नांदले. आमच्या शब्दांना परके म्हणणाऱ्यांनी एकदा चितारआळीत जावे.

छापील पत्त्यांनी हा हुन्नर जवळजवळ बुडवलाच होता. १९७० च्या दशकात शिवरामराजे भोसले आणि राणी सत्त्वशीलादेवी यांनी राजवाड्यात कारागीर बसवले, म्हणून तो तगला. २०२४ मध्ये त्याला भौगोलिक मानांकन मिळाले, ‘सावंतवाडी गंजिफा’ या नावाने, फारसी शब्दासकट.