व्हरांड्यात कोण बसणार?

मागच्या हिवाळ्यात एका वलिम्यासाठी मरीन ड्राइव्हच्या इस्लाम जिमखान्यात गेलो होतो. रस्त्याने पारशी, हिंदू, कॅथलिक अशा जिमखान्यांच्या पाट्या वाचत आलेल्या भाच्याने विचारलं, “मामू, खेळाच्या क्लबला धर्म कशाला?” जेवणाच्या गडबडीत मी काहीतरी बोलून वेळ मारून नेली. नीट उत्तर द्यायचं राहून गेलं, ते इथे देतो.

गोष्ट सुरू होते बॉम्बे जिमखान्यापासून. 1875 मध्ये तो फक्त गोऱ्यांसाठी निघाला. उतरत्या छपराची बैठी इमारत आणि मैदानाकडे तोंड केलेला लांब व्हरांडा. माझ्या मते जिमखान्याची वास्तू म्हणजे हा व्हरांडाच, मागच्या खोल्या नावाला. सावलीत खुर्ची कुणाची आणि उन्हात उभं कुणी राहायचं, हे तोच ठरवतो. इथे हिंदी माणूस आत शिरायचा तो नोकर म्हणून. बरं, साहेबांची क्रिकेटची हिरवळ राखीव, पण पोलोचे घोडे मात्र आपली पोरं खेळायची त्या सार्वजनिक मैदानावर! खुरांनी जमीन उखडली जाई. 1881 मध्ये पारशी क्रिकेटपटूंनी याविरुद्ध सरकारकडे अर्ज केला.

पुढे सरकारने केनेडी सी-फेसवर पारशी, मुसलमान, हिंदू अशा एकेका समाजाला वेगळी जागा दिली. बॉम्बे जिमखान्याचं दार बंदच राहिलं. इस्लाम जिमखाना उभा करण्यात बद्रुद्दीन तय्यबजी पुढे होते, जे 1887 मध्ये मद्रासच्या काँग्रेस अधिवेशनाचे अध्यक्ष होते. ‘इस्लाम’ नावाचा क्लब काढला म्हणजे माणूस फुटीर, असं आज ज्यांना वाटतं त्यांनी हे ध्यानात ठेवावं.

पण साहेबाचा व्हरांडा उचलताना आपण त्याचा कायदाही उचलला. पळवणकर बाळू हा त्या काळातला आपला सर्वांत मोठा गोलंदाज, जातीने चांभार. पुण्यात त्याचे सवर्ण सोबती आत कपबशीतून चहा घेत, त्याला मात्र बाहेर मातीच्या भांड्यात मिळे. 1923 मध्ये त्याचा भाऊ विठ्ठल हिंदू संघाचा कप्तान झाला, तो बऱ्याच भांडणानंतर. आणि आपण मुसलमानांनी फार हसू नये. आपल्या जिमखान्यात व्यापारी होते, बॅरिस्टर होते. मदनपुऱ्यातल्या विणकराला तिथे कितीशी जागा होती?

1937 मध्ये ब्रेबर्न स्टेडियम झालं, तेव्हा हिंदू संघाने त्या वर्षीच्या पंचरंगी सामन्यांतून अंग काढून घेतलं. कारण काय, तर प्रेक्षागारातल्या जागांची वाटणी! म्हणजे पुन्हा खुर्चीच.

भाचा त्या संध्याकाळी व्हरांड्यातच बसला होता, हातात फिरनीची वाटी. पायरीखाली वाढपी पोरं उभ्यानेच जेवत होती.