माती, गादी आणि अर्धा तास

आमच्या बुलढाणा जिल्ह्यात उरूस म्हटला की कुस्त्यांची दंगल आलीच. वडिलांच्या खांद्यावर बसून मी ती पाहायचो. डफडे वाजायचे, लहान पोरांच्या कुस्त्या रेवड्यांवर लागायच्या. पंचाचे काही चुकले, की पहिलवान गप्प राही आणि गाव बोलायचा. खाशाबा जाधवांविषयी वाचताना मला तो बोलणारा गाव आठवतो.

खाशाबांचा जन्म १९२६ चा, कराडजवळच्या गोळेश्वरचा. वडील दादासाहेब पहिलवानच. मातीत तयार झालेले खाशाबा १९४८ मध्ये कोल्हापूरच्या महाराजांच्या मदतीने लंडन ऑलिंपिकला गेले. तिथे माती नव्हती, गादी होती. नियमही वेगळे. तरी फ्लायवेट गटात ते सहावे आले. परतल्यावर चार वर्षे त्यांनी त्या सहाव्या क्रमांकाचा पिच्छा पुरवला.

१९५२ मध्ये हेलसिंकीला जायचे, तर पैसे नव्हते. गावाने वर्गणी काढली. राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी घर गहाण ठेवून सात हजार रुपये दिले. शिष्यासाठी घर गहाण ठेवणारा गुरू मिळणे, हेही एक पदकच!

बँटमवेट गटात खाशाबांनी कॅनडा, मेक्सिको आणि जर्मनीच्या मल्लांना हरवले. जपानच्या शोहाची इशीशी लांबलेली झुंज मात्र हरले. लगेच सोव्हिएत मल्ल रशीद मम्मदबेयोव्हशी लढायला बोलावणे आले. दोन लढतींमध्ये अर्ध्या तासाच्या विश्रांतीचा नियम होता. पण तो दाखवून भांडणारा एकही भारतीय अधिकारी तिथे हजर नव्हता. दमलेले खाशाबा उतरले आणि हरले. इशीला सुवर्ण, मम्मदबेयोव्हला रौप्य, खाशाबांना कांस्य.

स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. दुसऱ्यासाठी देशाला १९९६ पर्यंत, लिअँडर पेसपर्यंत थांबावे लागले. गावाने शंभरावर बैलगाड्यांची मिरवणूक काढली. पुढे खाशाबा पोलीस खात्यात गेले. १९८४ मध्ये अपघातात वारले. अर्जुन पुरस्कार आला तो मरणोत्तर.

विश्रांती मिळाली असती तर पदकाचा रंग बदलला असता का, हे कोणीच सांगू शकत नाही. पण तो अर्धा तास त्यांच्या हक्काचा होता. म्हणून आपल्या तालुक्यातले एखादे पोर स्पर्धेला निघाले, की हारतुऱ्यांच्या आधी त्याच्यासोबत नियम जाणणारा एक माणूस द्या.