डोक्यातली थकबाकी

परवा कोपर ते कळवा, चौथ्या सीटवर अर्धा टेकून, मी मनातल्या मनात एका धुण्याच्या पावडरीचं गाणं अकरा वेळा म्हटलं. लहानपणी दूरदर्शनवर ऐकलेलं. ती पावडर आमच्या घरात कधी आली नाही. गाणं मात्र चाळीस वर्षं भाडं न देता राहतंय. कळव्याला ते तोंडातून निसटलं, ग्रुपमधल्या एलआयसीवाल्यांनी ऐकलं, आणि काय सांगू, ठाण्याला उतरलो तेव्हा माझं डोकं स्वच्छ! संध्याकाळच्या गाडीला ते भेटले ते दातओठ खातच. दिवसभर हप्ते त्याच चालीवर मोजले म्हणे.

हस्तांतराचा हा शोध आपलाच, असं मला दोन दिवस वाटलं. पण मार्क ट्वेनने तो १८७६ सालीच 'अटलांटिक मंथली'त छापून ठेवलाय. घोड्याच्या ट्रामचा कंडक्टर किती भाड्याला कुठल्या रंगाचं तिकीट पंच करतो, एवढ्याच मजकुराचं एक यमकी कवन त्याच्या गोष्टीत त्याला चिकटतं. तो ते एका पाद्री मित्राच्या गळ्यात मारून सुटतो. पाद्रीबुवा मयताला जातात, तर तिथेही तेच!

जर्मन लोक अशा गाण्याला 'कानातला किडा' म्हणतात. तो वळवळतो का? १९२७ साली बर्लिनच्या ब्लूमा झायगार्निक या विदुषींनी मांडलं, की पुरं झालेलं काम माणूस विसरतो, अर्धवट तुटलेलं लक्षात ठेवतो. पुढच्या ऑडिटात यावर बऱ्याच शंका निघाल्या. पण गाण्यालाही हाच हिशोब लावणारे आहेत. बँकेत आम्हांला ते पटतं. जुळलेला दिवस शटर पडताच विसरतो. सव्वीस रुपयांचा फरक राहिला, तर तो मुंब्र्यापर्यंत सोबत येतो.

उपाय दोन. इंग्लंडात रेडिंग विद्यापीठाने २०१५ साली सांगितलं, की च्युइंगगम चघळा. जबडा गुंतला की मनातला गळाही अडतो. (आमचे जुने हेडकॅशियर जन्मभर सुपारी का चघळत, हे मला इतक्या उशिरा कळलं.) दुसरा उपाय म्हणजे गाणं पुरं ऐकून थकबाकी मिटवायची. त्यावर माझा विश्वास होता. तो आईमुळे उडाला.

आईचं बालपण पुण्याचं. १ एप्रिल १९५५ ला, रामनवमीच्या दिवशी, पुणे आकाशवाणीवर 'गीत रामायण' सुरू झालं. शब्द गदिमांचे, चाली सुधीर फडक्यांच्या. दर शुक्रवारी सकाळी नवं गाणं, शनिवार-रविवारी तेच पुन्हा. वर्षाची ५२ ठरली होती, पण अधिक महिना आला म्हणून ५६ झाली. अधिक महिन्याचं इतकं चोख व्याज कुठल्या बँकेने दिलं असेल? आता पाहा, एक गाणं तीन सकाळी, मग पुढल्या शुक्रवारपर्यंत वाट बघत बसायचं. डोक्यात रुतवायला याहून वेगळं काय लागतं?

रेडिओ शेजारच्या काकांचा, वेळ पावणेनवाची. काका नवाच्या आत ऑफिसला निघत आणि निघताना बटण बंद करत, मग गाणं कुठेही असो. रविवारी ते उठतच उशिरा, आणि त्यांच्याशिवाय रेडिओला हात लावायची घरात कुणाची टाप नव्हती. सात वर्षांची आई बाहेर खिडकीखाली उभी असे.

एक गाणं तिचं असं दुसऱ्या कडव्यात तुटलं. पुढे लग्न होऊन ती डोंबिवलीला आली, घरात कॅसेट आली, कितीतरी रामनवम्यांना तिने ते अख्खं ऐकलं. तरी पोळ्या लाटताना गुणगुणते ती तेवढंच. तिथे आली की थांबते आणि पुन्हा पहिल्यापासून.

हल्ली तिला नावं आठवत नाहीत. मला बऱ्याचदा धाकट्या मामाच्या नावाने हाक मारते, मीही ओ देतो. गेल्या रविवारी मी मोबाईलवर ते गाणं शेवटपर्यंत लावलं. हातातलं काम ठेवून तिने ऐकलं. "छान म्हटलंय हो," म्हणाली. मग पोळपाट पुढे ओढला, सुरू झाली आणि दुसऱ्या कडव्याशी थबकली.

"पुढे म्हण की," मी म्हटलं.

"काका गेले ना ऑफिसला," आई म्हणाली, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं.