दख्खनचे पदक

वीराचे चित्र छातीवर मिरवण्याची हौस सगळीकडे सारखीच. अमेरिकेत १८९८ च्या स्पेनबरोबरच्या युद्धात अ‍ॅडमिरल ड्यूई गाजले, तेव्हा त्यांच्या चित्राचे बिल्ले लोकांनी कोटाला टाचले. आज तेच बिल्ले जमविणारे शौकीन तिकडे आहेत. आमच्या ठाणे-कल्याणकडच्या युद्धाचीही आठवण धातूवर उमटली आहे. मात्र ती कंपनी सरकारने उमटविलेली!

संग्राहक तिला ‘डेक्कन मेडल’ म्हणतात. पहिल्या इंग्रज-मराठा युद्धात जनरल गॉडर्डबरोबर थेट यमुनाकाठाहून पायी आलेल्या बंगाल फौजेतील देशी शिपायांना ते १७८४ च्या सुमारास मिळाले. कोणाला सोन्याचे, कोणाला रुप्याचे. पिवळ्या दोऱ्यात ओवून गळ्यात घालायचे. एका बाजूस ब्रिटानिया देवी, समोर किल्ला, त्यावर इंग्रजी निशाण. मागे फारसी मजकूर. गंमत पाहा, पदक मिरवणार हिंदी शिपाई आणि स्तुती सिंहाच्या काळजाच्या इंग्रजांची!

ठाण्याचा किल्ला इंग्रजांनी १७७४ च्या अखेरीस घेतला. १७८० त कल्याण गेले. मलंगगडाचा खालचा भागही गेला, पण वरचा गड मराठ्यांनी सोडला नाही. मग गॉडर्डने वसईस वेढा घातला. ती सोडवावयास निघालेल्या मराठी फौजेचे सरदार होते रामचंद्र गणेश. त्यांच्या वाटेत, भिवंडीच्या उत्तरेस दुगाड येथे, कर्नल हार्टली आडवा उभा होता. १२ डिसेंबर १७८० च्या सकाळी दाट धुक्याचा आडोसा घेऊन रामचंद्रपंत चालून गेले. धुके अवचित विरले, तोफा सुरू झाल्या, आणि पंत पडले. वसई आदल्याच दिवशी शरण गेली होती.

१७८२ च्या सालबाईच्या तहाने वसई परत आली. साष्टी आणि ठाणे मात्र गेले ते गेलेच. म्हणजे अर्धा विजय परत केल्यावर हे पदक पाडले गेले. रामचंद्रपंतांसाठी कोणी पदक पाडले नाही. आणि या पदकावर ते घालणाऱ्या शिपायाचेही नाव नाही.

पहिल्या महायुद्धाच्या चांदीच्या पदकाचे तसे नाही. त्याच्या कडेवर शिपायाचा क्रमांक, हुद्दा, नाव व पलटण बारीक अक्षरांत उमटविलेली असते. चांदीच्या लोभाने अशी कितीतरी पदके सोनाराच्या मुशीत गेली. दिवाळीच्या साफसफाईत आजोबा-पणजोबांचे एखादे हाती लागले, तर चिंचेने घासून लखलखीत करू नका. आधी झिजते ते कडेवरचे नाव.